इम्प्लांटनंतर गोंगाटात बोलणं किती कळतं, ते मोजतात कसं? सोलापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेनं बसवलेलं, विजेच्या प्रवाहानं ऐकवणारं यंत्र) झालेल्या मुलांचे आईबाप आणि मोठेपणी इम्प्लांट करून घेतलेली माणसं यांच्याकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. शक्यतो विचारणाऱ्यांचेच शब्द ठेवलेत. सुरुवातीला साधे, पुढे किचकट. उत्तर आधी येऊन गेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय. मॅपिंगमधले, म्हणजे कुठल्या आवाजाला किती प्रवाह द्यायचा या मशीनमधल्या मांडणीतले, बदल मात्र इथलं वाचून नाही, आपल्या ऑडिओलॉजिस्टला दाखवूनच करायचे.

१. दवाखान्यातल्या चाचणीत ९० टक्के शब्द बरोबर आले. मग लग्नाच्या मांडवात आणि नव्या पेठेत काहीच का कळत नाही?

ती ९० टक्क्यांची चाचणी शांत खोलीतली होती म्हणून. शांततेत बोलणं समजायला फार बारीक तपशील लागत नाही. १९९५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. जाड ते बारीक आवाजांप्रमाणे बोलण्याचे फक्त चार पट्टे केले, प्रत्येक पट्ट्यातला आवाजाचा चढउतार तेवढा ठेवला आणि बाकी सगळं काढून टाकलं. तरीही चांगल्या कानांच्या लोकांना थोड्या सरावानं वाक्यं कळली. इम्प्लांटचं काम जवळपास असंच चालतं. कंपनीप्रमाणे त्यात १२ ते २२ इलेक्ट्रोड (प्रवाह सोडणारे ठिपके) असतात, पण त्यांचा प्रवाह कानातल्या द्रवात पसरतो आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत मिसळतो. त्यामुळे गोंगाटात मेंदूच्या पदरात पडतात आठेक वेगळे पट्टे. निसर्गानं या कामाला सुमारे साडेतीन हजार केशपेशी दिल्या होत्या.

जाड सुतानं विणलेल्या चादरीवर एक मोर असला तर तो लांबूनही ओळखू येतो. त्याच सुतात एकावर एक दोन मोर विणले तर नुसता गुंता दिसतो. मांडवात हेच होतं. भरीला दोन माणसांचे आवाज वेगळे काढायला लागतो तो सूर इम्प्लांटमधून फारच पुसट पोचतो. तुमच्या मशीनमध्ये बिघाड आहे, असा याचा अर्थ नाही. चाचणीनं मांडवातलं काही मोजलंच नव्हतं, एवढाच अर्थ आहे.

२. गोंगाटातली चाचणी म्हणजे नक्की काय करतात?

आवाजबंद खोलीत बसवतात. समोर साधारण एक मीटरवर स्पीकर असतो. त्यातून रेकॉर्ड केलेली वाक्यं येतात आणि सोबत गोंगाट. ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. अर्धवट कळलं तर अंदाजानं सांगायचं, गप्प बसायचं नाही.

यात दोन पद्धती आहेत. एकीत बोलणं आणि गोंगाट यांतला फरक ठरलेला असतो. समजा बोलणं ६५ डेसिबल आणि गोंगाट ५५, म्हणजे फरक +१०. अशा वीस वाक्यांतले किती शब्द बरोबर आले, त्याची टक्केवारी काढतात. दुसरीत फरक चालता असतो: वाक्य बरोबर आलं की पुढचं २ डेसिबलनं अवघड, चुकलं की २ डेसिबलनं सोपं. असं वरखाली करत चाचणी अशा जागी येऊन थांबते जिथे निम्मं बरोबर येतं आणि निम्मं चुकतं. त्या फरकाला आम्ही उंबरठा म्हणतो. वाक्यांसाठी ही पद्धत १९७९ साली हॉलंडमध्ये रूढ झाली आणि आज जगभर हीच चालते.

आईबापांनी एक लक्षात ठेवावं. चालत्या चाचणीत निम्मं चुकणारच, तिची रचनाच तशी आहे. काचेपलीकडून पोराकडे रागानं बघू नका. त्याला वाटतं आपण नापास झालो, आणि पुढची वाक्यं तो म्हणतच नाही.

३. रिपोर्टवर '+६ डेसिबल' लिहिलंय. हे चांगलं का वाईट?

आकडा जितका लहान तितकं चांगलं, आणि वजा आला तर फारच चांगलं. +६ म्हणजे निम्मं बोलणं कळायला ते गोंगाटापेक्षा ६ डेसिबलनं मोठं लागतं. चांगल्या कानाच्या माणसाचा उंबरठा चाचणीप्रमाणे −३ ते −८ च्या दरम्यान पडतो, म्हणजे गोंगाट बोलण्यापेक्षा मोठा असला तरी त्याचं भागतं. इम्प्लांटवाल्यांपैकी बऱ्याच जणांचा आकडा ० ते +१० मध्ये असतो. तेव्हा +६ ला घाबरायचं कारण नाही, पण हॉटेलात गप्पा मारणं जड जाईल हे त्यातून कळतं.

हे दोन-तीन डेसिबल किरकोळ वाटतात, तसे ते नाहीत. उंबरठ्याच्या आसपास एका डेसिबलच्या फरकानं चांगल्या कानाला दहा-पंधरा टक्के शब्द जास्त किंवा कमी कळतात. इम्प्लांटवर हा उतार थोडा मंद असतो, तरी ३ डेसिबलची सुधारणा रोजच्या वापरात जाणवते.

४. मशीन लावून काढलेला ऑडिओग्राम २५-३० डेसिबलवर आलाय. तो पुरेसा नाही का?

नाही. किती हळू आवाज ऐकू येतो एवढंच तो सांगतो. ऐकू येणं आणि गर्दीत कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तरी तो काढायचाच, कारण तो बिघडलेला असेल तर पुढच्या चाचणीला अर्थ राहत नाही.

५. चाचणीत कसला गोंगाट लावतात? आमच्याकडे तर 'फस्स्' असा एकसुरी आवाज होता.

तो 'फस्स्' बहुधा बोलण्याच्या घडणीचा गोंगाट असणार. चाचणीतलीच सगळी वाक्यं एकावर एक असंख्य वेळा चढवली की शेवटी शब्द नाहीसे होतात आणि एक सपाट सळसळ उरते. तिच्यात जाड-बारीक आवाजांचं प्रमाण मात्र त्या बोलण्याइतकंच राहतं. मोजणीला हा गोंगाट सगळ्यांत भरवशाचा.

दुसरा प्रकार कालव्याचा, म्हणजे चार किंवा जास्त माणसं एकदम बोलताहेत असा. हा जगण्याच्या जास्त जवळचा. चांगला कान इथे गोंगाटातल्या फटी साधतो. कालवा करणारे क्षणभर गप्प झाले की तेवढ्यात शब्द टिपतो. इम्प्लांटवाल्याला या फटींचा फायदा जवळजवळ होत नाही. म्हणून सपाट गोंगाटात दोघांमध्ये जेवढं अंतर दिसतं त्याहून जास्त कालव्यात दिसतं. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तुमच्या पोराला तुमच्यापेक्षा किती कमी कळत असेल, याचा अंदाज सपाट गोंगाटाच्या आकड्यावरून थोडा कमीच बांधला जाईल.

६. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. तिची ही चाचणी होईल का?

वाक्यं परत म्हणायची चाचणी इतक्या लवकर नको. तिच्याकडे तेवढी भाषा हवी, लक्ष टिकायला हवं आणि बोलणं दुसऱ्याला कळायला हवं. मुलं साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर, तीही चित्रांवर बोट ठेवायच्या पद्धतीनं, गोंगाटात सुरुवात करता येते. इम्प्लांट उशिरा झालं असेल तर जन्माचं वय धरू नका, ऐकायला लागल्यापासूनचा काळ मोजा.

तोवर सहा आवाजांची चाचणी आहेच: आ, ऊ, ई, श, स, म. थेरपीत 'कॅप'चा, म्हणजे ऐकण्यातली प्रगती पायऱ्यांनी सांगणारा, आकडाही देतात. त्याच्या मूळ मोजपट्टीत ० ते ७ पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची पायरी ओळखीच्या माणसाशी फोनवर बोलण्याची. गोंगाटाची पायरीच तिथे नाही. म्हणून 'कॅप ७ आला, आता सगळं झालं' असं समजून थेरपी बंद करणारे आईबाप दिसले की मला काळजी वाटते.

७. घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी आहे. चाचणी कुठल्या भाषेत घ्यावी?

सोलापुरात हा प्रश्न घरोघरी आहे. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठे दखनी उर्दू, आणि शाळेत मराठी नाहीतर इंग्रजी. नियम एवढाच: मूल ज्या भाषेत सगळ्यांत मोकळं बोलतं त्या भाषेत. दुसऱ्या भाषेत शांततेत मूल बरोबरीनं उत्तरं देतं, पण गोंगाट वाढला की त्या भाषेतले गुण आधी गळतात. चांगल्या कानांच्या माणसांचंही असंच होतं. तेव्हा घरी तेलुगू असलेल्या मुलाचा मराठीतला +९ हा सगळाच्या सगळा इम्प्लांटच्या माथी मारू नये.

तुमच्या भाषेची तयार यादी त्या केंद्रात नसेल तर अंकांची चाचणी हा मधला मार्ग आहे (प्रश्न ९). आणि एकदा धरलेली भाषा बदलायची नाही. मागच्या वर्षी मराठी, यंदा हिंदी, असं केलं तर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

८. ऑडिओलॉजिस्ट समोर बसून स्वतःच वाक्यं म्हणाले. तशी चाचणी चालते का?

शांततेत, लहान मुलासाठी, नाइलाज म्हणून चालते. गोंगाटात नाही. गोंगाट सुरू झाला की बोलणारा माणूस नकळत आवाज चढवतो, शब्द लांबवतो. मग फरक +५ ठेवलाय का +९, हे कुणीच सांगू शकत नाही. ओठ दिसले तर वेगळाच हिशोब होतो, कारण ओठ वाचून इम्प्लांटवाले खूप काही भरून काढतात. ती कला वाईट नव्हे, पण ती मोजायची असेल तर स्वतंत्र मोजावी.

मराठी वाक्यांची यादी करणं दिसतं तितकं सोपं नाही, हेही सांगून टाकतो. स्वीडनमध्ये १९८२ साली एक युक्ती निघाली. वाक्यात पाच जागा ठेवायच्या, प्रत्येक जागेला दहा शब्द, आणि ते हवे तसे फिरवायचे. पन्नास शब्दांत एक लाख वाक्यं होतात आणि कुणाला ती पाठ होत नाहीत. आता हे मराठीत करून बघा: 'मीनाने सात जुन्या चादरी विकल्या.' इथे 'जुन्या' ऐकलं की पुढे 'डबे' येणार नाही हे आधीच कळलं, आणि 'विकल्या'वरून चादरी मागे जाऊन भरून काढता आल्या. म्हणजे कानाऐवजी व्याकरणानं गुण मिळवले. म्हणून मग सगळ्या वस्तू एकाच लिंगाच्या आणि अनेकवचनी घ्याव्या लागतात: चादरी, पिशव्या, वाट्या, काठ्या. 'एक' हा आकडाही वगळावा लागतो. इंग्रजी यादीचं सरळ भाषांतर करून आणलेल्या चाचणीवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

गुण देणाऱ्यालाही आपली बोली माहीत हवी. यादीत 'काय करतोस' आहे आणि पोरगं 'काय करायलास' म्हणालं, तर त्यानं सगळं ऐकलं आणि आपल्या सोलापुरी तोंडानं परत दिलं. ते बरोबरच. तसंच मूल एरवीही 'सात'ला 'तात' म्हणत असेल तर ती उच्चाराची गोष्ट झाली, ऐकण्याची नव्हे. हे चाचणीआधी सांगून ठेवा.

९. अंकांची चाचणी म्हणजे काय? नुसते आकडे ऐकून काय कळणार?

गोंगाटात तीन-तीन अंक ऐकवतात, 'सात, दोन, चार' असे, आणि तुम्ही ते बटणावर दाबता किंवा म्हणता. २००४ साली हॉलंडमध्ये ही चाचणी घरबसल्या फोनवरून कान तपासायला निघाली. पुढे ती इम्प्लांटवाल्यांसाठीही वापरात आली. फायदा असा की अंक पहिलीच्या पोरालाही येतात, भाषेचं ओझं नाही, आणि दरवर्षी घेतली तरी पाठ व्हायची भीती नाही.

मराठी अंकांत एक गंमत आहे. चार, पाच, सात, आठ या चौघांत मोठा 'आ' आहे. गोंगाट चढला की स्वर टिकतो, व्यंजनं बुडतात, आणि हे चार अंक एकमेकांत मिसळतात. सहा आणि शून्य म्हणताना दोन ठोके पडतात (स-हा, शून्-य), म्हणून ते ठेक्यावरूनच सापडतात. चांगल्या चाचणीत हे अंक आधी जोखून सारखे अवघड केलेले असतात. म्हणजे कुणीतरी मोबाईलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेले अंक त्या जागी चालत नाहीत.

आणि अंक चांगले आले म्हणजे संभाषणही कळेल, असं नाही. दहाच शब्दांतून निवडायचं असतं.

१०. चुकलेले शब्द रिपोर्टमागे लिहून दिलेत. त्यांचं काय करायचं?

थेरपिस्टना दाखवा, टक्केवारीपेक्षा ते जास्त कामाचे आहेत. इम्प्लांटवर 'पान' आणि 'मान' यांतला फरक गोंगाटातही तुलनेनं तगतो. 'पान' आणि 'कान', 'माळ' आणि 'नाळ' हे फरक आधी जातात, कारण तोंडात आवाज कुठे अडला ही माहिती बारीक पट्ट्यांत असते आणि तीच इम्प्लांटमधून कमी पोचते. चुका अशा जातीच्या असतील तर ती नेहमीची वाट. पण 'स' आणि 'श' शांततेतही सारखे निसटत असतील तर आधी मॅप आणि माईक बघायला हवा.

११. मागच्या वेळी ५६ टक्के होते, आता ४४. ऐकणं घसरलं का?

बहुधा नाही. यादी किती शब्दांची होती ते बघा. ५० शब्दांच्या यादीत एकदा ५० टक्के आले, तर पुढच्या वेळी ३२ ते ६८ मधलं काहीही नुसत्या योगायोगानं येऊ शकतं. २५ शब्दांची यादी असेल तर पंचवीसेक टक्क्यांपर्यंतच्या फरकालाही फारसा अर्थ नाही. हे गणित १९७८ पासून ऑडिओलॉजीत वापरात आहे, तरीही १२ टक्क्यांच्या घसरणीवरून घरात रडारड होते.

यावर उपाय म्हणजे जास्त शब्द: दोन याद्या घ्या, सरासरी काढा. आणि एकच घसरण बघून मॅप बदलायचा आग्रह धरू नका. सलग दोन भेटींत, त्याच अटींवर, त्याच दिशेनं आकडा सरकला तर मात्र दुर्लक्ष करू नये (प्रश्न १७).

९५ टक्क्यांच्या वर किंवा ५ टक्क्यांच्या खाली असाल तर ती चाचणी तुम्हाला लागूच नाही. एकीकडे छत लागलं, दुसरीकडे जमीन. फरक बदलून परत घ्यायला सांगा.

१२. पुण्यात +४ आला आणि दुसऱ्या केंद्रात +९. खरं कोणाचं?

दोन्ही खरे असू शकतात. गोंगाटातला आकडा कधीच एकटा वाचायचा नाही. अटी बदलल्या की तो बदलतो. म्हणून रिपोर्टवर या गोष्टी लिहूनच घ्या: कोणती यादी आणि कोणती भाषा, रेकॉर्डिंग होतं का तोंडी, बोलणं किती डेसिबलवर, गोंगाट कोणता, स्पीकर किती आणि कुठल्या बाजूला, प्रोसेसरचा (कानामागच्या मशीनचा) कोणता प्रोग्राम आणि व्हॉल्यूम किती, दुसऱ्या कानात काही होतं का. गुण शब्दांचे धरले का पूर्ण वाक्यांचे, हेही. पूर्ण वाक्य बरोबर हवं असा नियम असेल तर आकडा आपोआप वाईट दिसतो.

मागायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. मॅपिंगसाठी पहाटेची गाडी पकडून पुण्याला गेलेलं माणूस परतीच्या गाडीच्या घाईत असतं. तरी मागा. या ओळींवाचून पुढच्या वर्षी तो कागद रद्दी आहे.

१३. गोंगाटासाठी वेगळा प्रोग्राम दिलाय, पण चाचणीत काहीच फरक दिसला नाही. प्रोग्राम फसवा आहे का?

एकच स्पीकर होता का? मग फरक दिसणारच नाही. यातले बरेच प्रोग्राम समोरचा आवाज घेतात आणि मागचा-बाजूचा दाबतात. बोलणं आणि गोंगाट दोन्ही समोरच्या एकाच स्पीकरमधून आले, तर मशीननं काय दाबायचं? गोंगाट मागून किंवा बाजूनं देऊन परत मोजायला सांगा.

अजून एक खुबी आहे. काही प्रोसेसर गोंगाट ओळखून आपोआप प्रोग्राम बदलतात, पण त्यांना त्यासाठी काही सेकंद लागतात. चाचणीत प्रत्येक वाक्याबरोबर गोंगाट चालू-बंद होत असेल तर मशीनला जागं व्हायला वेळच मिळत नाही. गोंगाट आधीपासून सलग चालू हवा.

१४. गोंगाट तोच, पण बोलण्याचा आवाज वाढवला तर जास्त कळायला हवं ना? आमच्या वडिलांचं उलट झालं.

होतं असं. प्रोसेसरमध्ये मोठा आवाज आपोआप दाबणारी यंत्रणा असते. बोलणं फार मोठं झालं की ती बोलणं आणि गोंगाट दोन्ही एकदम दाबते आणि सोडताना वेळ घेते. बोलण्यातले चढउतार सपाट होतात. म्हणून इम्प्लांटवाल्यांची चाचणी सहसा ६५ डेसिबलच्या आसपास ठेवतात, आणि फरक वाढवायचा तर गोंगाट कमी करतात. घरीही हेच लागू. वडिलांच्या कानाशी ओरडू नका. टीव्ही बंद करा आणि जवळ येऊन नेहमीच्या आवाजात बोला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की बोलणं ६ डेसिबलनं वाढतं, तेही फुकटात.

१५. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. माझी चाचणी मागाच्या आवाजातच घ्या ना.

माग चालू असलेल्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्यात +५ करायचं तर बोलणं ९५ च्या वर न्यावं लागेल. तिथे स्पीकर फाटतो, तुमचा प्रोसेसर सगळं दाबून टाकतो (प्रश्न १४), आणि दुसऱ्या कानात थोडंफार ऐकू येत असेल तर त्याला इजा होते. मागाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ६५ डेसिबलवर लावून घेतलेली चाचणी मात्र जमू शकते. पण खरं सांगायचं तर शेडमध्ये चांगल्या कानांचेही कारागीर खाणाखुणांनीच बोलतात. तुमची खरी अडचण चहाच्या सुट्टीत असते, चार जण एकदम बोलतात तेव्हा. ती मोजून घ्या.

इम्प्लांटच्या कानाला मॅपमध्ये ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आवाज पोचत नाही. दुसऱ्या कानाला असं संरक्षण नाही. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरतात. त्या कानात इअरप्लग घालाच.

१६. शाळेत बाई म्हणतात, 'याला वर्गात कळत नाही.' दवाखान्यातला आकडा तर चांगला आहे.

मुलांच्या वर्गासाठी शिफारस अशी आहे की शिक्षकांचं बोलणं गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनं मोठं हवं आणि घुमणं कमीत कमी. पत्र्याचं छत, उघड्या भिंती, घरघरणारे पंखे, खिडकीशेजारी रस्ता आणि पन्नास पोरं असली की मागच्या बाकावर हा फरक शून्याच्याही खाली जातो. दवाखान्याची खोली घुमत नाही, वर्ग घुमतो. घुमण्यानं एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते, आणि ते इम्प्लांटला फार त्रासाचं.

पहिल्या बाकावर बसवणं बरं, पण बाई फळ्याकडे वळल्या की तेही संपतं. खरा उपाय म्हणजे बाईंच्या गळ्यात घालायचा वायरलेस माईक. महाग आहे. म्हणून घ्यायच्या आधी फायदा मोजून बघा: बोलण्याच्या स्पीकरपुढे वीतभर अंतरावर माईक टांगायचा, गोंगाट दुसऱ्या स्पीकरमधून, आणि माईक चालू-बंद करून दोनदा चाचणी. १० डेसिबल किंवा त्याहून जास्त सुधारणा दिसणं यात नवल नाही. दुसऱ्या कुठल्याही सोयीनं एवढी उडी मिळत नाही.

१७. सहा महिन्यांत गोंगाटातला आकडा खरोखर घसरलाय. आधी काय बघायचं?

आधी माईकची जाळी. सूत, धूळ आणि घाम यांनी ती बुजते. शांततेत फारसं जाणवत नाही, गोंगाटात लगेच जाणवतं, कारण दिशा ओळखायला दोन्ही माईक सारखे चालावे लागतात. काही प्रोसेसरच्या जाळ्या दर तीन महिन्यांनी बदलायच्या असतात. एप्रिल-मेच्या घामात रात्री ड्राय बॉक्स (मशीन कोरडं ठेवायची डबी) चुकवू नका. मग केबल, कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती), बॅटरी. त्यानंतर कोणता प्रोग्राम चालू आहे ते, कारण पोरं बटण दाबून भलत्याच प्रोग्रामवर आठवडे काढतात. हे सगळं ठीक असेल तरच इलेक्ट्रोडची तपासणी आणि मॅप.

१८. ब्लूटूथवरून घरीच चाचणी घेतली, +२ आला. हा धरायचा का?

आवाज सरळ प्रोसेसरच्या आत गेला, माईक वगळले गेले. आतली प्रक्रिया आणि तुमचा कान यांची ती चाचणी झाली. खोली, माईक, दिशा यांतलं काही त्यात नाही. दर महिन्याला घरी स्वतःचीच तुलना करायला उत्तम, दवाखान्यातल्या आकड्याशी जुळवायला नाही. मोबाईलवरच्या डेसिबल मोजायच्या ॲपवर विसंबून मोकळ्या स्पीकरची चाचणी घरी घेऊ नका, फोनागणिक आकडे वेगळे येतात.

१९. आकडा चांगला आहे, तरी मुलगा शाळेतून आला की मशीन काढून फेकतो आणि झोपतो.

दमतो तो. गोंगाटात ९ शब्द ऐकून दहावा ओळखायला मेंदू राबतो, आणि ते श्रम टक्केवारीत दिसत नाहीत. मोठ्यांसाठी २००४ मध्ये आलेली ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात गर्दीतलं बोलणं, आवाजाची दिशा आणि ऐकण्याचे कष्ट हे सगळं विचारलेलं असतं. मुलांसाठी आईबापांनी भरायच्या प्रश्नावल्या असतात. चाचणीबरोबर तीही भरून द्या. आणि शाळेतून आल्यावर अर्धा-पाऊण तास मशीनशिवाय राहू दे त्याला, त्यानं थेरपी मागे पडत नाही.

२०. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला हा रिपोर्ट जोडायचा का?

उपयोग नाही. २०१६ च्या कायद्यातली व्याख्या दोन्ही कानांच्या डेसिबलमधल्या ऐकण्याच्या ऱ्हासावर आहे. गोंगाटातला आकडा त्यात येत नाही. शाळेत माईकची किंवा परीक्षेत सवलतीची मागणी करताना मात्र तो जोडा.

२१. एका कानात इम्प्लांट आहे. दुसऱ्या कानात हिअरिंग एड किंवा दुसरं इम्प्लांट घातलं तर किती फरक पडेल, हे आधी मोजता येतं का?

हिअरिंग एडचं मोजता येतं: एकदा नुसतं इम्प्लांट, एकदा दोन्ही, त्याच दिवशी. एडमधून जाड आवाज आणि सूर पोचतो. थोडं ऐकणं शिल्लक असेल तर तेवढ्यानंही गोंगाटात मदत होते. एडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतून इम्प्लांट मिळालेल्या बहुतेक मुलांना ते एकाच कानात असतं, आणि दुसऱ्या कानातली एड कपाटात पडलेली असते. ती काढून एकदा चाचणी करून बघाच.

दुसऱ्या इम्प्लांटचा फायदा मोजताना गोंगाट बाजूनं हवा. डोकं स्वतःच आडोसा करतं, आणि गोंगाटापासून लांबच्या कानाला ४ ते ६ डेसिबल फुकट मिळतात. एकच इम्प्लांट असलेल्या माणसाचा तो कान गोंगाटाच्या बाजूला पडला की हा फायदा गेला. रिक्षात कुठल्या बाजूला बसायचं, हे असे लोक न सांगता शिकतात.

२२. माझा एक कान पूर्ण चांगला आहे, दुसऱ्यात इम्प्लांट. इम्प्लांटचा आकडा वेगळा कसा काढणार? चांगला कान तर सगळंच ऐकतो.

इथे नेहमीची पद्धत फसते. चांगल्या कानात इअरप्लग घालून वरून इअरमफ चढवला तरी ६५ डेसिबलचं बोलणं थोडं आत जातंच, आणि आकडा इम्प्लांटचा म्हणून लिहिला जातो. अशा वेळी बोलणं आणि गोंगाट मिसळून सरळ प्रोसेसरमध्ये केबलनं किंवा ब्लूटूथनं द्यायचा, म्हणजे चांगल्या कानापर्यंत काही पोचतच नाही. माईक वगळले जातात ही उणीव राहते (प्रश्न १८), ती रिपोर्टवर लिहायची. इम्प्लांटचा रोजच्या ऐकण्यात किती उपयोग होतो, ते वेगळं मोजायचं: दोन्ही कान उघडे, बोलणं इम्प्लांटच्या बाजूनं, गोंगाट चांगल्या कानाच्या बाजूनं, एकदा मशीन लावून आणि एकदा काढून.